४१० चौरस फुटांचा हिशेब

जानेवारीत मुंबईतल्या कांजूरमार्गच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं. वर्षाला साडेअठरा लाख. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत स्विचगिअर, म्हणजे वीज चालू-बंद करणारी उपकरणं, त्यांच्या डिझाइनमध्ये अकरा वर्षं काढल्यावर आपल्या नावापुढे एवढा आकडा बघून आनंद होणारच. पण माझा नवरा कर सल्लागार आहे, सीटीसीच्या, म्हणजे कंपनी माणसावर करते त्या एकूण खर्चाच्या, आकड्याला तो भुलत नाही. त्याच रात्री त्याने एकेक ओळ सुटी करून दाखवली. कंपनीने भरायचा पीएफ त्यातच, ग्रॅच्युइटीची तरतूद त्यातच, वर्षाअखेरीस कामगिरी बघून द्यायची रक्कमही त्यातच. माझा पीएफ, व्यवसाय कर आणि आयकर कापून महिन्याला हातात येणार होते १ लाख १६ हजार. नाशिकला ७८ हजार येत होते. म्हणजे खरी वाढ ३८ हजारांची.

मुंबईत एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्याची, करसूट जास्त मिळते, असं अनेकांनी सांगितलं. ते खरंही आहे. मूळ पगाराच्या मुंबईत ५० टक्क्यांपर्यंत, नाशिकसारख्या शहरात ४० टक्क्यांपर्यंत. पण ही सूट जुन्या करप्रणालीतच आहे. नव्या प्रणालीत ती नाही, तिथे टप्पे मात्र सैल आहेत. आम्ही दोन्ही पद्धतींनी मांडून बघितलं, तर वर्षाचा कर दोन्हीकडे सव्वा लाखाच्या आत आणि फरक फक्त काही हजारांचा. एचआरएच्या भरवशावर मुंबईचं भाडं निघेल, ही आशा पहिल्याच रात्री सोडली.

मग जायचं कशाला? तर कामासाठी. नाशिकला मी दुसऱ्यांनी ठरवलेल्या सर्किट ब्रेकरमध्ये सुधारणा करत होते. संपर्काच्या टोकाची जाडी वाढव, ठिणगी विझवणाऱ्या आर्क शूटच्या पट्ट्यांमधलं अंतर बदल, स्प्रिंगचा पुरवठादार बदलला तर पुन्हा चाचण्या घे. मन लावून केलं, पण पुढची पायरी तिथे नव्हती. कांजूरला एक पूर्ण ब्रेकर कोऱ्या कागदापासून चाचणीपर्यंत माझ्या हाताखालच्या टीमने करायचा होता. एकेचाळिसाव्या वर्षी असं काम चालून येणं मला फार मोठं वाटलं, आजही वाटतं.

नातेवाइकांना ते पटायला जड गेलं. ‘बायकोच्या नोकरीसाठी सगळं घर हलवायचं?’ हा प्रश्न फोनवर आणि प्रत्यक्ष, वेगवेगळ्या आवाजांत ऐकला. नवऱ्याची बदली झाली की बायको नोकरी सोडते, मुलांची शाळा बदलते, ट्रकमागून निघते, आणि त्याला कुणी निर्णयसुद्धा म्हणत नाही. आमच्याकडे निदान तो निर्णय म्हणून सगळ्यांपुढे मांडला गेला. या प्रश्नाचा मला त्रास झाला, पण त्यामुळेच आम्ही घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारायचं ठरवलं. पाच माणसं: मी, नवरा, सासूबाई, आठवीतली लेक, तिसरीतला मुलगा. कंपनीने उत्तरासाठी दोन आठवडे दिले होते.

पंचवटी एक्सप्रेसने अप-डाउन करावं, हे नाशिककराला सगळ्यात आधी सुचतं. त्या गाडीचं एक जगच आहे. वर्षानुवर्षं पास काढणारे, गाडीतच जुळलेल्या मैत्र्या, पासधारकांनी शिस्तीने सांभाळलेला आदर्श डबा. माझी एक मैत्रीण अशी काही वर्षं ठाण्याला जात होती. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडायचं, रात्री दहाच्या सुमारास परत उतरायचं. तिने सांगितलं, ‘पोरगा मला फक्त झोपलेला दिसायचा.’ शिवाय मला साडेनऊला हजर व्हायचं होतं, गाडी ठाण्यालाच त्यानंतर पोचते. तो विचार तिथेच थांबला. मी एकटीने पेइंग गेस्ट म्हणून राहायचं आणि शनिवार-रविवार नाशिकला यायचं, हा मार्ग जास्त दिवस चर्चेत होता. तो नाकारला लेकीने. ‘आई पाहुण्यासारखी येणार असेल तर नको,’ एवढंच म्हणाली आणि अभ्यासाला बसली.

मग उरले दोन रस्ते. लांबच्या उपनगरात मोठं घर, किंवा ऑफिसजवळ लहान. डोंबिवलीत टू बीएचके वीस हजारांच्या आसपास मिळत होतं, बदलापूरला त्याहून बरंच कमी. मुलुंड पूर्वेला वन बीएचकेच ३६ हजार. कागदावर डोंबिवली सरळ जिंकत होती. नाशिकच्या साडेआठशे फुटांच्या फ्लॅटमधून येणाऱ्या माणसांना एक खोली जास्त हवीच, असं आम्हीही धरून चाललो होतो.

ठरवण्याआधी तिथलं जगणं बघून यायचं, असं नवऱ्याने सुचवलं. मुलांना सासूबाईंकडे ठेवून आम्ही डोंबिवलीला माझ्या मावसबहिणीकडे राहायला गेलो. मी रोज खरोखर नोकरीला जायच्या वेळेला निघत होते, कांजूरला उतरून ऑफिसच्या दारापर्यंत चालत जायचे, आणि संध्याकाळी गर्दीच्याच वेळेला परत.

पहिल्या सकाळी दोन गाड्या सोडल्या. अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळ्याहून येणारी लोकल डोंबिवलीला येते तीच भरून. बायकांच्या डब्याच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्या गाडीत कशीबशी आत गेले, तर मागच्या बाईने माझी सॅक पाठीवरून काढून पोटाशी धरायला लावली, आणि कुठे उतरणार ते विचारलं. ठाणे म्हटल्यावर म्हणाली, ‘मग आत नका जाऊ, दिवा गेलं की सरकायला लागा, नाहीतर ठाणे जाईल.’ पुढच्या बाकांवर चौथ्या सीटला अर्ध्या टेकलेल्या बायका, प्रत्येकीच्या समोर एक उभी, आणि त्या उभ्या बाईच्या मागे आणखी एक. ‘कुठे उतरणार?’ हा त्या डब्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, कारण त्याच्या उत्तरावर पुढची बसायची जागा ठरते. एक मुलगी एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हाताने मोबाइलवर परीक्षेच्या नोट्स वाचत होती, गाडी वळणावर झुकली तरी तिची नजर हलत नव्हती. या बायकांबद्दल मला मनापासून आदर वाटला. त्या हे रोज करतात, वर्षानुवर्षं करतात, घरी जाऊन स्वयंपाक करतात.

ठाण्याला उतरून स्लो गाडी, कारण फास्ट लोकल कांजूरला थांबत नाही. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत दीड तासाच्या पुढेच. जाऊन-येऊन तीन तास दहा मिनिटं धरली. नवऱ्याने त्याच्या सवयीप्रमाणे वही काढली. मुलुंडहून नाहूर, भांडुप, कांजूर, तिसरं स्टेशन. दोन्ही बाजूंचं चालणं धरून पस्तीस मिनिटं, दोन्ही वेळचे सत्तर. म्हणजे रोजचे दोन तास वाचणार, महिन्याच्या बावीस कामाच्या दिवसांचे चव्वेचाळीस. भाड्यातला फरक सोळा हजारांचा. तासाला साडेतीनशेच्या वर रुपये देऊन मी स्वतःचा वेळ विकत घेणार होते. नव्या पगारात माझ्या एका तासाचे सहाशेच्या आसपास पडत होते. हा हिशेब मांडल्यावर ‘स्वस्त’ घर मला स्वस्त वाटेना. मुंबईत भाडं सगळेच भरतात, कुणी पैशात आणि कुणी तासांत. लांब राहिलं की भाडं कमी होत नाही, त्यातला काही हिस्सा आपण लोकलमध्ये उभं राहून फेडतो.

आणि एक गोष्ट वहीत मावणारी नव्हती. ९ जून २०२५ ला याच मार्गावर, मुंब्र्याजवळच्या वळणावर, दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. सकाळच्या गर्दीतलेच लोक होते ते. गाडी तिथून जाताना डब्यात कुणी त्याबद्दल बोललं नाही, पण माझ्या नवऱ्याने संध्याकाळी विचारलं, ‘तू दारापासून किती आत होतीस?’ त्यानंतर डोंबिवलीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

मुलुंडला घर शोधणं ही वेगळी परीक्षा. एजंट पहिल्या फोनला विचारतो ते बजेट, दुसऱ्या वाक्यात ‘फॅमिली का?’ आणि तिसऱ्यात ‘नॉनव्हेज?’ आम्ही मासे खातो. एका सोसायटीत घर पसंत पडलं, भाडं जमलं, आणि शेवटी ‘कमिटीला चालणार नाही’ असं उत्तर आलं. महाराष्ट्राच्या राजधानीत मराठी कुटुंबाला ताटात काय आहे यावरून घर नाकारलं जातं, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. स्वतःच्या वाट्याला आल्यावर त्याचा राग आला, अजूनही आहे. दुसऱ्या एजंटने हेवी डिपॉझिटचं घर सुचवलं. म्हणजे मालकाला मोठी रक्कम एकदम द्यायची, महिन्याचं भाडं शून्य, घर सोडताना रक्कम परत. नवऱ्याने त्याला तिथल्या तिथे नाही म्हटलं. मालकाने ते पैसे दुसरीकडे गुंतवलेले असतात, आणि सोडायच्या वेळेला ते हातात नसले तर भाडेकरू काय करणार?

तिथल्या लोकांशी बोलताना एक गोष्ट कळली, जी बाहेरून येणाऱ्याने आधी विचारायलाच हवी: ही इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का? मुलुंडमध्ये जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास जोरात आहे. इमारत पाडायला घेतली की तिथल्या मालकांना बिल्डर भाडं देतो आणि ते सगळे त्याच भागात भाड्याचं घर शोधतात, कारण मुलांची शाळा, डॉक्टर, देऊळ सगळं तिथेच. त्यामुळे भाडी आणखी चढतात. आणि आपण ज्या घरात राहतो त्याच सोसायटीने ठराव केला असेल तर करार काहीही म्हणो, मध्येच गाशा गुंडाळायची वेळ येऊ शकते. मी प्रत्येक ठिकाणी सेक्रेटरींना सरळ विचारलं, ‘७९ अ ची प्रक्रिया सुरू झालीय का?’ सहकारी संस्था कायद्यातलं हे पुनर्विकासाशी संबंधित कलम माहीत असलेलं दिसलं की समोरचा माणूस नीट उत्तर देतो.

शेवटी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरचं घर मिळालं. दुसरा मजला, लिफ्ट आहे, पाण्याची वेळ सकाळची, कार्पेट ४१० चौरस फूट. मेच्या अखेरीला रिकामं होणार. मालक निवृत्त, स्वतः पुण्याला मुलाकडे राहणारे.

४१० म्हणजे किती, हे घरच्यांना सांगून कळणार नव्हतं. नाशिकला परत आल्यावर रविवारी आम्ही टेप आणि खडू घेऊन इमारतीच्या गच्चीवर गेलो आणि ते घर मापानुसार जमिनीवर आखलं. हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, दारं कुठल्या बाजूला उघडतात तेही. मग सगळ्यांना आत उभं केलं. मुलाने लगेच हॉलमध्ये आडवं पडून बघितलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या चौकोनात जाऊन दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘दोघी एकदम उभ्या राहणार नाही गं इथे.’ लेकीने बेडरूमच्या खिडकीशी तिच्या टेबलाचं माप आखलं, कपाटासाठी दार उघडं ठेवायला जागा उरते का ते पाहिलं, आणि टेबल दोनदा फिरवून बसवलं. दिवाण येणार नव्हता. शिसवी कपाट येणार नव्हतं. देव्हारा भिंतीवर टांगायचा ठरला. त्या दिवशी गच्चीवर आम्ही तासभर तरी भांडत, मापत, हसत होतो, आणि मला वाटतं निर्णय खरा तिथेच झाला, कारण नको म्हणायची जागा प्रत्येकाला मिळाली होती आणि प्रत्येकजण टेबल-खाट कुठे बसेल ते सांगत होता.

तरी प्रत्येकाच्या अटी होत्याच. सासूबाईंचं भजनी मंडळ, चालण्याच्या ट्रॅकवरच्या मैत्रिणी, साखरेच्या औषधांचे जुने डॉक्टर, सगळं नाशिकच्या इंदिरानगरला. शिवाय २०२७ चा सिंहस्थ. ‘गोदावरीला पर्वणी असताना मी मुलुंडच्या खिडकीत बसणार नाही,’ असं त्यांनी बजावलं. त्यांची दुसरी अट घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. ही अट आधी महागाची वाटली, पण तिनेच नवऱ्याचा प्रश्न सोडवला. त्याचे सगळे अशील नाशिकचे. जीएसटीचं काम महिन्याच्या तारखांवर चालतं, बहुतेकांचं जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र ११ तारखेपर्यंत, कर भरायचं ३बी २० पर्यंत, आणि भरणं सगळं ऑनलाइन. लॅपटॉप असला की तो मुलुंडहूनही भरू शकतो. पण छोटे व्यापारी बिलांचा गठ्ठा पिशवीतूनच आणून देतात, समोर बसल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. त्याने ठरवलं, दर महिन्याला ११ च्या आधीचे काही दिवस आणि सप्टेंबरातले ऑडिटचे दिवस नाशिकला राहायचं. शहरातला भाड्याचा गाळा सोडायचा आणि आपल्याच फ्लॅटमध्ये ऑफिस थाटायचं. गाळ्याचे नऊ हजार वाचतात. काही अशील जातील, हे त्याने स्वतः सांगितलं, मी विचारायच्या आधी. त्याने सोडलेलं मला लहान वाटत नाही.

लेकीचा प्रश्न सगळ्यात नाजूक होता. ती आठशे मीटर धावते, नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर पहाटे सराव करते. ठाण्याला दादोजी कोंडदेव क्रीडा प्रेक्षागृहात ॲथलेटिक्सचा सराव चालतो, एक दिवस तिला घेऊन तिथल्या प्रशिक्षकांना भेटून आलो. मुलुंडहून ठाणे एक स्टेशन. शाळा सेमी-इंग्रजी, राज्य मंडळाचीच निवडली, म्हणजे पुस्तकं तीच राहतात. नववीच्या सुरुवातीला बदल केला तर दोन वर्षं मिळतात, दहावीच्या वर्षात हात लावायचा नव्हता. ती तयार झाली, पण तिने एक गोष्ट मागून घेतली: दहावीची परीक्षा होईपर्यंत घर पुन्हा बदलायचं नाही.

त्या एका मागणीवर आम्ही मालकांशी करार बोललो. इकडे पद्धत अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स भाडेकराराची. आम्ही बावीस मागितले, १ जूनपासून दोन वर्षांनंतरच्या मार्चअखेरपर्यंत, म्हणजे दहावीचा शेवटचा पेपर त्यात बसतो. आणि त्या काळात मालकांनी घर खाली करायला सांगायचं नाही, असं कलम घालायला लावलं. त्यांनी अकरा महिन्यांनी दहा टक्के वाढ सांगितली होती. दहा टक्के म्हणजे ३,६०० रुपये, माझी पगारवाढ तेवढी होईल याची खात्री नाही. पाच टक्क्यांवर जमलं. डिपॉझिट दीड लाख, एजंटला एक महिन्याचं भाडं. नोंदणी ऑनलाइन, मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं व्याज मिळून त्याच्या पाव टक्का, म्हणजे दोन हजारांच्या आसपास, वर हजार रुपये नोंदणी फी. काही जण हे पैसे वाचवायला नुसत्या नोटरीवर भागवतात. आम्ही तसं करणार नव्हतो, कारण लेकीला दिलेला शब्द याच कागदावर उभा होता.

ही सुरुवातीची रक्कम माझ्या ग्रॅच्युइटीतून निघते. शेवटच्या मूळ पगाराला १५ ने गुणून २६ ने भागायचं आणि पूर्ण वर्षांनी गुणायचं. ४० हजार मूळ पगार, अकरा वर्षं, अडीच लाखांच्या थोडं वर. अंबडच्या अकरा वर्षांतून मुलुंडचा उंबरठा.

महिन्याचा ताळा असा लागला: ३८ हजारांची वाढ आणि गाळ्याचे नऊ, त्यातून ३६ भाडं, नवऱ्याचं येणं-जाणं, दोन्ही घरांची वीज आणि मेंटेनन्स, धुणं-भांड्याच्या बाईंचे वाढीव पैसे, कमी होणारे अशील. नाशिकला पडत होती तेवढीच बचत पडली तर पुष्कळ. या दोन वर्षांत पैसा वाढणार नाही, हे आम्ही दोघांनी एकमेकांना स्पष्ट सांगितलं आणि मगच मी कंपनीला होकार कळवला.

राजीनामा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दिला, नोटीस नव्वद दिवसांची. मे महिना मी डोंबिवलीला बहिणीकडे राहून काढणार, त्याच गर्दीतून. दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले निकालानंतर मिळतील, सासूबाईंचे रिपोर्ट मुलुंडच्या एका डॉक्टरांना आधीच दाखवून झालेत. १ जूनला किल्ली मिळेल, टेबल पहिल्या ट्रकमध्ये जाणार आहे.